मक्याच्या रानातला ठणठण्या

माय,

तुला जाऊन बरीच वर्षं झाली. आता फुलंब्रीच्या बाजारात जनावरं हाकलायची सोलरची यंत्रं मिळतात, माणसाचे, कुत्र्याचे आवाज काढणारी. कंपनीतली पोरं मला मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ दाखवतात, आणि प्रत्येक वेळी मला त्या मक्याच्या वर्षाबद्दल तुझ्याशी बोलावंसं वाटतं. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण आपल्या घरात कोण कुणाला असं काही तोंडावर सांगतं?

मी शेंद्र्याला कंपनीत नुकतीच लागले होते. पहिली पाळी करून दुपारी घरी आले तर तू आणि बाबा रानात. माळाच्या अंगाचा सगळा मका रानडुकरांनी आडवा केला होता. कणसं नुकती दुधात आलेली, अर्धी चावून टाकलेली. बाबा खाली बसून एकेक ताट उचलून बघत होते, जसं काही त्यातलं एखादं पुन्हा उभं राहणार होतं. शेजारच्या काकांनी आठवड्यापूर्वीच स्वतःच्या रानाभोवती तार ओढून तिच्यात वीज सोडली होती आणि त्यांचा मका जसाच्या तसा डुलत होता. बाबा म्हणाले, "उद्या आपणबी तार लावू." तू म्हणालीस, "नाय." बाबांचा आवाज चढला, "पीक गेल्यावर काय शील खायचं का?" तू चिडली नाहीस. "रोज सकाळी हात जोडून काय म्हणते मी? जीव घेणार नाय म्हणते. मका आला की ते इसरायचं व्हय?" मग जरा थांबून, जवळजवळ हसत म्हणालीस, "मारायचं नाय म्हणल्यावर हाकलायची अक्कल आपल्यालाच काढावी लागंल."

तू शाळेची पायरी चढलेली नव्हतीस. बुद्धवंदना विहारात कानांनी ऐकून पाठ केली होतीस. पहाटे चुलीआधी मेणबत्ती लागायची, मग तुझा तो हळू, घोगरा आवाज. मला वाटायचं, धर्म म्हणजे एवढंच, सकाळची ती दहा-पंधरा मिनिटं. तो चालता-बोलता रानात उतरतो, बापासमोर उभा राहतो, हे मी त्या दुपारी पाहिलं.

मला आजही दिसतं. तू विहिरीजवळ उकिडवी बसली आहेस. पुढ्यात तेलाचा पत्र्याचा डबा, एक दांडा, सळई, मोडक्या नांगराचा फाळ. दांड्याच्या एका टोकाला कापलेला डबा बांधतेस, दुसऱ्या टोकाला दगड, मधून आरपार सळई, ती दोन खुंटांवर, आणि दगडाच्या खाली फाळ. उंचावर ठेवलेल्या पिंपातून ठिबकच्या नळीनं डब्यात बारीक धार सोडतेस. डबा भरला की जड होऊन खाली जाणार, पाणी सांडणार, आणि हलका झाला की दगड दाणकन फाळावर येणार. पण डबा खाली जातो तो जातोच, पाणी पुरतं सांडतच नाही. तू सळई सरकवतेस. दगड बदलतेस. बाबा लांबून बघतात आणि निघून जातात. कितीतरी दिवसांनी तू डब्याचं तोंडच तिरपं कापलंस आणि पहिल्यांदा तो आवाज आला. ठण्ण! माळावरचे पारवे उडाले. तू माझ्याकडे बघितलंस, तसं तू कधीच कुणाकडे बघितलं नव्हतंस.

एवढ्यावर तू थांबली नाहीस. "जनावर शाणं असतं. एकसारखा आवाज आला की त्याला कळतं, इथं माणूस नाय." म्हणून रानाच्या दुसऱ्या टोकाला लहान डब्याचा दुसरा केलास. दोन्ही आवाजांचा मेळ कधी बसायचाच नाही. सांडलेलं पाणी मिरचीच्या सरीत जाईल असा उतारही काढलास. डुकरं माळावर यायची, थबकायची, वळायची. गावानं त्याला ठणठण्या नाव ठेवलं, थोडं हसतच.

मग ती सकाळ. माझी सुट्टी होती. काकांचा बैल दावं तोडून रानात शिरला आणि त्यांच्याच तारेवर पडला. काका त्याच्या गळ्याला मिठी मारायला धावले. तू बांधावरून ओरडलीस, "हात लावू नका, भाऊ! लाईट बंद करा!" त्यांना ऐकूच गेलं नाही. तू पळत जाऊन मागून त्यांचा सदरा धरलास आणि अख्खा माणूस ओढून मातीत पाडलास. मी काकांच्या मोटारीच्या खोलीकडे धावले, खटका पाडला. परत आले तेव्हा बैल गेला होता आणि काका मातीतच बसून लहान पोरासारखे रडत होते. तू शेजारी बसलीस. मी वाट बघत होते की आता तू काही बोलशील, तारेबद्दल, पापाबद्दल. तू फक्त बैलाच्या डोळ्यांवरच्या माशा हाकलत होतीस.

संध्याकाळी तू आपला मोठा ठणठण्या सोडवून काकांच्या रानात नेऊन बांधलास. बाबा म्हणाले, "अगं, आपलं रान उघडं पडलं ना!" तू म्हणालीस, "त्यांचं आज घरच उघडं पडणार व्हतं." दुसऱ्या दिवशी उठून बघते तर बाबाच नवा डबा कापायला बसलेले. तार काकांनी स्वतः गुंडाळली आणि मग आपल्या घरी आले. गावात एवढी वर्षं काढूनही आपल्या उंबऱ्याच्या आत ते कधी आले नव्हते. त्या दिवशी आत बसले, चहा प्याले, आणखी अर्धा कप मागून घेतला.

मका त्या साली कमीच झाला. पण पुढं आसपासच्या गावांतून माणसं ठणठण्या बघायला यायची. कुणी डोक्याची तारीफ केली की तू म्हणायचीस, "मला कुठलं सुचतंय? तार लावायची नाय म्हणलं, म्हणून सुचलं." मी आता मशिनींमध्येच वावरते, माय. लई हुशार माणसं बघितली. पण हात बांधून घेतल्यावर ज्याचं डोकं असं मोकळं सुटतं, असं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? लिहून झालं की घडी घालून कपाटात ठेवीन, साड्यांखाली. एकच सांगायचं राहिलं. पौर्णिमेला मी विहारात जाते, सगळ्यांबरोबर उभी राहते, वंदना म्हणते. तू विचारलं असतंस तर मी म्हणाले असते, व्हय, मन लागतं. खरं असं आहे की डोळे मिटल्यावर मला बुद्ध दिसत नाहीत. तू दिसतेस. हे तुला आवडणार नाही, ठाऊक आहे मला.