बाबा फोनवर का आले नाहीत

प्रिय जगज्जेतीबाई,

किताब घेताना केस तरी विंचरायचेस गं! अख्खं जग बघतंय आणि डोक्यावर नुसतं पाखराचं घरटं. समोरचीने हार मानून हात पुढे केला, तेव्हा आई हमसून हमसून रडली. घरात जमलेल्या वार्ताहरांना वाटलं, आनंदाने रडतेय.

हो, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी आपल्या केशकर्तनालयातल्या खुर्चीचेसुद्धा फोटो काढले. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून बाबा तुझ्याशी बुद्धिबळाचा डाव मांडायचे, हे मीच सांगितलं. तो फेस लावलेला पोस्टमन तुला चाली सुचवायचा आणि बाबा वस्तरा दाखवून त्याला गप्प करायचे, तेही सांगितलं. सगळे पोट धरून हसले. मग एकीने विचारलं, बाबा कुठे आहेत? आई म्हणाली, दगदग झालीय, झोपलेत. जिला साधी थाप मारता येत नाही, तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

रात्रभर तुझे फोन येत होते. मी उचलले नाहीत. तुझा आवाज ऐकून मला धीर धरवला नसता.

सामना चालू असताना घरची वाईट बातमी कळवायची नाही, हा तुझाच नियम. मांजर मेल्याचं कळवलं आणि तू डाव हरलीस, तेव्हा केवढं आकांडतांडव केलंस! घर जळलं तरी सांगू नका म्हणालीस. रागाच्या भरात बोललीस, पण बाबांनी ते मनावर घेतलं. छातीत कळ आली तेव्हा स्ट्रेचरवरूनसुद्धा माझ्यावर डोळे वटारले, तिला कळवशील तर बघ म्हणून. बापापेक्षा किताब मोठा का, असं मी चिडून विचारलं. शेवटच्या डावाच्या आदल्या दिवशी, दुपारी, बाबा गेले गं.

मुलाखतीत तू म्हणालीस, बाबा आत्ता नाचत असतील. मी टीव्ही बंद केला.

कुणी माइक पुढे करून तुला सांगण्याआधी आमच्याकडून कळावं, म्हणून हे पत्र तुझ्या प्रशिक्षक सरांच्या फोनवर पाठवतेय. बाबांना शवागारात ठेवलंय. तू पाहिल्याशिवाय हलवायचं नाही, असा आईचा हट्ट आहे. आम्ही बरोबर केलं की चूक, मला खरंच कळत नाही. आलीस की भांड, ओरड, हवं तर मला मार. विमानतळावर लोक फुलं घेऊन उभे असतील. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नाही. तेवढं हसून घे आणि तडक इस्पितळात ये. मी दारातच आहे.

तुझीच,
ताई