वीणाचे एकशे अडतीस

१ फेब्रुवारी, रविवार

मशीन — दोन हजार शंभर. कोरमंगलाहून इथवर ऑटो — तीनशे चाळीस. सेल वेगळे. एवढं सगळं सूनबाईंच्या पाकिटातून. माझं गेलं ते निराळं: रविवारची सकाळ, गरम पोहे, आणि घरात माझ्या शब्दाला जी काय किंमत होती ती!

मुग्धानं वीणाच्या दंडाला पट्टा गुंडाळला, बटण दाबलं. वरचं १७६. खालचं ९२. शंतनूचा चेहरा पडला. आईचं बीपी एवढं? कपाटातून माझं काट्याचं यंत्र काढलं, स्टेथोस्कोप कानाला लावला, मोजलं. १३८. नेहमीचंच.

"बाबा, मॅन्युअल आता कोणी वापरत नाही. ह्यूमन एरर असतो ना त्यात," मुग्धा म्हणाली.

एरर! या कानांत! अठराव्या वर्षी निपाणीहून एक ट्रंक घेऊन आलो. इथं चिकपेटच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात पितळी हंडे पुसले. आज ते दुकान माझं आहे ते या दोन कानांवर. हंड्याला टिचकी मारली की चीर आहे की नाही ते डोळे मिटून सांगतो. बीपीचं यंत्र आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांचं. दवाखाना बंद करताना मला देऊन गेले, ठोका कसा ऐकायचा ते शिकवून. तेव्हापासून सात वर्षं दर रविवारी वीणाचं मोजतो, वहीत लिहितो. एकदाही दीडशेच्या वर गेलेली नाही. एकदाही! त्या वहीच्या जोरावरच दिवाळीत तिची संध्याकाळची गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारायची गरजच पडली नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

मशीन दुकानात नेलं. तराजू खोटा वाटला तर त्यात ओळखीचं वजन टाकून बघायचं, ही पेठेची रीत. आधी माझा हात — मशीन १२६, कान १२४. मग शेजारचे भीमाचार्य, पूजेच्या सामानाचं दुकान त्यांचं. दर सोमवारी माझ्यापुढे हात करून बसतात, चहा त्यांचा, मोजणं माझं. मशीन १३४, कान १३२.

म्हणजे बघा! माझं बरोबर सांगतं, आचार्यांचं बरोबर सांगतं, आणि माझ्या बायकोवर तेवढा आळ घेतं!

आचार्य चहा फुंकत त्यांच्या कानडी मराठीत म्हणाले, "अण्णा, स्वल्प अक्कांनाही विचारा. त्यांना काय होतंय ते."

तिला काय विचारायचं? १३८ आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

नवे सेल टाकले. १७८. सेलचा दोष नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुकान अर्धा दिवस बंद ठेवून कोरमंगला गाठलं. मेडिकलवाल्या पोराच्या काउंटरवर मशीन ठेवलं आणि जरा मोठ्यानंच बोललो. तो आधी हसला, मग माझा आवाज ऐकून सरी सरी, बरं बरं करत दुसरा पीस काढून दिला. वर म्हणतो कसा, अंकल, आंटींनाच घेऊन यायचं होतं.

घरी येऊन लावला. १७४. एकाच कारखान्याचे दोघे भाऊ, साक्ष वेगळी कशी देतील!

आणि केवढं आवळतं ते! वीणा "आई गं" म्हणाली. पोलीस कबुली काढतात तसं. मी मोजतो तेव्हा तिला कधी कळ येत नाही. अगदी पहिल्या वेळी कळवळली होती, तेव्हापासून मी हवा बेतानंच भरतो. यंत्राला माया कुठून असणार?

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी वीणा ओट्याला धरून उभी. डोकं जड आहे म्हणाली. संक्रांतीपासून म्हणतेय. मी उशी बदलून दिली होती.

आज मशीन काढायला गेलो तर तिनं हात मागे घेतला.

"तुमचं आणि त्याचं काय ते मिटवा आधी. तोवर मी कुणाच्या आकड्याची गोळी घेऊ ते सांगा."

रागानं नाही बोलली. दूध उतू जातंय हे सांगावं तशी बोलली. मला मात्र दिवसभर गिऱ्हाइकं सुचली नाहीत.

मुग्धाला फोन केला. तिनं सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली. वही आणि यंत्र दोन्ही नेणार. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!

९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर भव्या. वय शंतनूएवढं असेल. मी वही टेबलावर ठेवली. तिनं पानं उलटली, हसली नाही. माझं यंत्र तिच्या यंत्राशी ताडून पाहिलं. म्हणाली, यंत्र बरोबर आहे, अण्णा. तुमचे कानही बरोबर आहेत.

मी वीणाकडे बघितलं. कसं!

मग तिनं स्टेथोस्कोप माझ्या कानात दिला आणि पंप स्वतः दाबायला घेतला. काटा दीडशे, एकशे ऐंशी, दोनशे दहा. वीणानं ओठ घट्ट मिटले. काटा हळूहळू खाली यायला लागला.

१७८ ला ठोका. टक. टक. स्पष्ट! या कानांनी ऐकला.

१६० च्या आसपास बंद. काहीच नाही. मला वाटलं नळी सुटली. डॉक्टरनं बोटानं खूण केली, थांबा.

१३८ ला परत सुरू. माझा ओळखीचा ठोका.

काही जणांचा ठोका मध्ये असा गप्प होतो, म्हणाली. अगदी वरून खाली आलात तरच पहिला ऐकू येतो. मधल्या शांततेतून सुरुवात केली की दुसराच पहिला वाटतो. मग सावकाश विचारलं, "तुम्ही हवा किती भरता, अण्णा?"

वीणा बाही खाली ओढत होती.

संध्याकाळची गोळी आजपासून परत. मूत्रपिंडाची तपासणी, डोळ्यांची तपासणी. इतके महिने वरचं राहिलंय तर बघून घेऊ, म्हणाली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वही पहिल्या पानापासून पाहिली. सात वर्षं, सगळे रविवार. सगळे आकडे दीडशेच्या आत.

दीडशेच्या वर मी कधी हवाच भरली नव्हती.