रिकामा खिळा

प्रिय चिमणे,

विमान उडवणाऱ्या बाईला चिमणी म्हणायचं नाही, असं तू बजावलं आहेस. पण पत्र माझं आहे, चालवून घे.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, चाचणीच्या अहवालावर सही करून टाक ना. आमची सगळी तुकडी नव्या रडारची वाट बघतेय." तेव्हा शेजारी साहेब कान टवकारून उभे होते. आता सांगते.

जुनं रडार तू जाणतेस. विमानाच्या नाकातली ताटली मान वळवत राहते. डावीकडे बघताना उजवीकडचं निसटतं. नव्यात काही हलतच नाही. हजारभर बारीक तुकडे जागच्या जागी बसून क्षणात समोरचं सगळं आकाश चाळतात. तीस वर्षं मी ताटल्यांचं तेलपाणी केलं, तरी सांगते, नवं सरसच आहे. "बाईंना जुन्याचा लळा," म्हणतात जेवणाच्या सुट्टीत. म्हणोत बापडे.

पण तुलनेच्या अहवालात लिहिलंय, 'दुप्पट अंतरावरून दिसतं.' ते खोटं आहे. चाचणीत समोरून छोटं विमान उडवतात. एरवी त्याच्या पोटाखाली पत्र्याचा तिकोनी डबा असतो, त्यामुळे ते पडद्यावर मोठं दिसतं. तुलनेच्या दिवशी डबा काढून शेडमधल्या खिळ्याला टांगायचा, हा आमचा नियम. जुन्याच्या दिवशी तो खिळ्यावर होता. नव्याच्या दिवशी खिळा रिकामा होता. मी पाहिलं, आणि कुणी पुसायला नेला असेल म्हणून पुढे गेले. ती चूक माझी. नंतर मेकॅनिकला विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "ताई, काढायचा राहिला."

साहेब म्हणाले, "एवढ्याशा डब्यासाठी पुन्हा चाचणी? तीन आठवडे जातील." जाऊ देत! त्या आकड्यावर विसंबून आकाशात तू जाणार आहेस, ते नाहीत. तुला वाटेल समोर कुणी नाही, आणि समोरच्याने तुला केव्हाच हेरलेलं असेल.

सही मी केली आहे, पण वेगळ्या कागदावर: 'चाचणी पुन्हा घ्या.' खाली मेकॅनिकनेही केली. उद्या रडार मंजूर करणाऱ्या समितीपुढे साहेब म्हणतील, पोरीच्या काळजीने बाईंचं डोकं फिरलंय. मग तुझ्या तुकडीतही टोमणे सुरू होतील, की हिच्या आईने रडार अडवलं. ते परक्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही. कुणी विचारलंच, तर मान ताठ ठेवून सांग: हो, अडवलंय.

तुझीच,
हट्टी आई