खोली मिळाली, नळ आहे

अहो,

तर सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांगा बरं? विलासचा मित्र नाही, त्याची बायको नाही, ज्यांना आम्ही आग्रहानं बोलावलं होतं ती माणसं तर नाहीतच. आली ती घरमालकाची आई. ती पण ठरल्या वेळेच्या आधी, दूध अगदी काठाशी आलेलं असताना. बरोबर तिची सून, आणि मागं कॉफीचा थर्मास धरून मोलकरीण.

पण असं मधूनच सांगायला लागले तर तुम्ही म्हणाल, "विलासची आई, आधी गाडी डेपोतून तर काढ." बरं, डेपोपासून सांगते.

तुमची बदली झाली की तुम्ही पुढं जायचात, खोली शोधायचात आणि मला कार्ड टाकायचात. कार्डावर तीनच गोष्टी. खोली मिळाली. नळ आहे. ये. ना तब्येतीची चौकशी, ना काही. एसटी चालवून हात दुखतात म्हणायचात, पण पत्ते पिसताना दुखत नव्हते ते. तर या खेपेला खोली मिळाली आणि कार्ड टाकायची पाळी माझ्यावर आली. मी चौथी पास, अक्षर कोंबडीच्या पायाचं. तरी तुमच्यापेक्षा जास्त लिहीन, बघाच.

आम्ही कतारला आहोत. विलासला इथं मेसईद म्हणून गाव आहे तिथल्या खताच्या कारखान्यात नोकरी लागली. वर्षभर तो कंपनीच्या खोलीत एकटा राहिला, डाळ-भात शिजवून खाल्ला. मग कल्पना, सई आणि मला बोलावून घेतलं. विमानात बसले हो मी. पण तुम्हाला काही ते आवडलं नसतं. ड्रायव्हर दिसतच नाही. तो गाडी कशी वळवतोय, ब्रेक कुठं मारतोय, काही कळायला मार्ग नाही. तुम्ही उठून पुढं बघायला गेला असतात आणि विमानातल्या पोरींनी तुम्हाला परत आणून बसवलं असतं.

आम्ही आलो ते पाहुणे म्हणून. कायम राहायचं तर कागद लागतात, आणि ते मिळायला आधी भाड्याच्या घराचा करार लागतो. घर नाही तर करार नाही, करार नाही तर व्हिसा संपला की आम्ही तिघी परत सिन्नरला आणि विलास परत त्या खोलीत. सईला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण पोरांना वास येतो. बापाच्या शर्टाची बाही मुठीत धरून झोपायला लागली होती.

विलासच्या मित्राच्या हॉलमध्ये आम्ही गाद्या टाकून होतो. माणसं चांगली, पण दुसऱ्याच्या हॉलमध्ये किती दिवस खोकला दाबायचा? आणि घर काही मिळेना. दिवाळी झाली की इथं जगभरातली माणसं बॉलचा खेळ बघायला यायची आहेत. रस्त्यारस्त्यानं परक्या देशांचे झेंडे लावलेत, आणि ज्याच्या त्याच्या तोंडात एकच गोष्ट. घर बघायला जावं तर मालक म्हणे, "आता घ्या, पण खेळाच्या आधी खाली करून द्या." दुसऱ्यानं तर दार उघडायच्या आतच भाडं वाढवलं. एक एजंट माझ्याकडं बघून विलासला म्हणाला, "फॅमिली मतलब ये माताजी भी?" मी म्हटलं, "माताजी भी, और माताजी का पतेला भी." विलासनं मला गाडीत नेऊन बसवलं.

मला तर नवलच वाटायचं. एका बॉलसाठी माणसांना घर मिळू नये? सई म्हणते, "आजी, it's the World Cup." मी म्हटलं, असेल बाई, पण वर्ल्डला झोपायला जागा लागते तशी आजीला पण लागते.

घरं मी तुमच्यासारखीच बघायचे. नळ सोडायचा, मोरीचा वास घ्यायचा, भिंतीवर टिचकी मारायची. आणि तुम्ही सांगायचात ते पण लक्षात होतं, भिंत मागनं बघ, आधी मालकीण बघ. मी प्रत्येक ठिकाणी विचारायचे, "मालकीण किधर है?" एजंट हसायचे. इथं मालक दिसतच नाही, मालकिणीचं काय घेऊन बसलात? मग जासिमभाई म्हणून घरमालक भेटले, दोह्याच्या बाहेर उम्म सलाल मोहम्मद म्हणून गाव आहे तिथं. स्वतः आले, स्वतः दार उघडलं. मोठ्या घराच्या कडेला वेगळं दार असलेल्या तीन खोल्या. खिडकीतून खजुराची झाडं, आणि कुणाची तरी बकरी ओरडत होती. विलासला इथून कारखाना लांब पडतो, पण तो म्हणाला, गाडी चालवायची भीती मला नाही, बापाचा मुलगा आहे. जासिमभाई म्हणाले, घर द्यायला हरकत नाही, पण शेजारी आई राहते, ती शुक्रवारी येऊन बघेल. तिला माणसं पटली तर सही. तोवर चावी घ्या, साफसफाई करा.

विलासचं तोंड उतरलं. मी मात्र कल्पनाला कोपर मारलं. म्हटलं, हे घर आपलं. इथं मालकीण आहे.

आता शुक्रवारचं ऐका. सकाळपासून फरशा पुसल्या. मी म्हटलं, सामान आत येण्याआधी दूध उतू घालायचं.

विलास म्हणाला, "आई, अजून सही झालेली नाही."

"सही तुझी आणि त्याची. दूध माझं आणि घराचं."

"अगं पण घर आपलं कुठं झालंय?"

"मग होईल कसं?"

तो नळाकडं वळला. तुमच्यासारखाच आहे, हरला की पाणी प्यायला जातो.

मी पातेलं काढलं. तेच, आपलं पितळी. सिन्नर, येवला, चांदवड, कळवण, सगळ्या खोल्यांतलं पहिलं दूध त्यातच उतू गेलंय. मी ते कल्पनाच्या हातात दिलं, कारण सवाष्णीनं ठेवायचं असतं. ती घेईना. म्हणाली, "आई, तुम्हीच ठेवा. मला उतू जाणारं दूध दिसलं की हात आपोआप गॅसकडं जातो. अनुभव तुमचा." मी म्हटलं, "अगं, मी कशी?" ती म्हणाली, "बाबा असते तर ते फडकं घेऊन उभे राहिले असते ना? मी फडकं घेऊन उभी राहते." आणि राहिली हो. ओलं फडकं घेऊन, अगदी तुमच्यासारखी, जरा डाव्या बाजूला.

मग मी ठेवलं. शेगडी नवी कोरी, वर काच, त्यात माझा चेहरा दिसत होता. दूध वर यायला लागलं. माझे हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि तेवढ्यात दारातून काळा बुरखा, नाका-ओठांवर सोनेरी चमकणारी पट्टी, आणि मोठ्ठा आवाज, "या अल्ला, दूध! दूध गिरता!"

ती धावली. माझ्यापेक्षा म्हातारी बाई, गुडघे दुखणारी, ते मला चालण्यावरून कळलंच, पण धावली आणि खट्कन गॅस बंद. दूध खाली बसलं.

आता काय करायचं? काठाशी आलेलं दूध बसवलं तर घर कसं भरायचं? मी परत गॅस लावला.

तिनं परत बंद केला. मला म्हणाली, "तुम सोता क्या? आँख बंद?"

"सोता नहीं. गिराना है."

"गिराना?"

"गिराना ही है," म्हटलं, आणि परत लावला.

तिनं माझा हात धरला. मी तिचा धरला. त्या काचेच्या शेगडीपुढं आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून उभ्या. दारात जासिमभाई, त्यांच्या मागं विलास, आणि विलासचा चेहरा कसा झाला होता म्हणून सांगू! येवल्याला तुमच्या गाडीचा ब्रेक लागेना तेव्हा तुमचा झाला होता तसा. मला एका दमात सगळं दिसलं. करार गेला. शेगडीचं वाटोळं करणारी माणसं कोण ठेवून घेईल? आम्ही परत सिन्नरला, आणि सईच्या मुठीत नुसती बाही.

माझं हिंदी तिथंच संपलं. डोळ्यांत पाणी आलं ते मला आवडलं नाही, पण आलं. कल्पनानं मग सांगायचा प्रयत्न केला. नवीन घर, पहिलं दूध, भरून वाहिलं पाहिजे, म्हणजे घरात काही कमी पडत नाही. "हमारे में ऐसा ही करते हैं," एवढंच ती सारखी म्हणत राहिली.

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. त्या पट्टीमुळं तिचं तोंड दिसत नाही, नुसते डोळे. आणि मग ते डोळे हसायला लागले.

ती सुनेला अरबीत काहीतरी म्हणाली आणि मग आम्हाला तिच्या मोडक्या हिंदीत सांगितलं. तरणी असताना ती नवऱ्याच्या दुखण्यासाठी मुंबईत राहिली होती. हॉस्पिटलजवळ खोली कुणी देईना. परदेशी माणूस, त्यात आजारी. शेवटी एका बाईनं दिली. पहिल्या दिवशी हिनं खोलीत त्यांचा तो सुवासाचा धूप केला, नवीन जागेत शिरताना करतात तसा. खिडकीतून धूर निघाला, आणि घरमालकीण पाण्याची बादली घेऊन धावत आली. "घर जलाती, घर जलाती! और सब पानी मेरे ऊपर," असं म्हणून तिनं स्वतःच्या डोक्यावर बादली उपडी केल्यासारखे हात केले. जासिमभाई पण हसले. त्यांनी ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली दिसली.

मी विचारलं, "फिर? निकाला?"

"नहीं निकाला. कपडा दिया, सूखा."

मग मी विचारलं, "और आदमी? अच्छा हुआ?"

तिनं बोट वर दाखवलं. मी पण वर दाखवलं. आम्ही दोघी जरा वेळ छताकडं बघत राहिलो. छताला नुसता पंखा होता.

आणि मग तिनंच, हो, तिनंच, पुढं होऊन गॅस लावला. मोठा केला. दूध वर आलं, भरभरून आलं आणि काचेवरून पूर्वेच्या अंगानं वाहिलं. कल्पना फडकं घेऊन वाकली तर म्हातारी म्हणाली, "रुको, थोडा और." सई मागनं ओरडली, "Goal!" पोरगी पण ना!

तेवढ्यात विलासचा मित्र आणि त्याची बायको पेढे घेऊन पोचली, आणि बघतात तर ओट्यावर दूध, मोलकरीण हसतेय आणि मालकीणबाई खुर्चीवर बसून कॉफी ओततेय. तिनं ओतली, मी प्यायले. परत ओतली, परत प्यायले. कडू असते हो, गूळ ना साखर. पण तिचा आग्रह मोडायचा कसा? शेवटी तिच्या सुनेनं मला कप जरासा हलवून दाखवला. हलवला की "बस" असं समजतात. आपल्याकडं पानावर आडवा हात धरावा तसं. तुम्ही असतात तर आडवा हात धरला नसतात, ते मला माहीत आहे.

करारावर सही तिथंच ओट्यापाशी झाली. कागदाच्या कोपऱ्याला दुधाचा डाग लागला, विलास घाबरला, जासिमभाई म्हणाले, "खलास, मबरूक," म्हणजे झालं, अभिनंदन.

आता तुम्हाला खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी एवढं लिहीत बसले.

त्या बाईला सगळे उम्म जासिम म्हणतात. उम्म म्हणजे आई. जासिमची आई. तिचं स्वतःचं नाव काय ते मी विचारलं नाही, तिनं पण माझं विचारलं नाही. निघताना विलासकडं बोट करून तिनं त्याचं नाव विचारलं, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "उम्म विलास."

अहो, तुम्ही गेल्यापासून मला कुणी विलासची आई म्हटलं नव्हतं. सगळे आजी म्हणतात, काकू म्हणतात, एजंट माताजी म्हणतात. ती हाक तुमच्याबरोबर गेली असं मी धरून चालले होते. मुंबई सोडून काही न बघितलेल्या एका अरब बाईनं ती मला या वाळूत परत दिली. मी दाराशी उभी राहिले. इथल्या दारांना उंबरा नसतो, त्यामुळं कुठं थांबायचं ते कळत नाही.

तुमच्यावर माझा एक राग आहे. येवल्याला तुम्ही नळ बघून खोली घेतलीत आणि शेजारची पिठाची गिरणी बघितली नाहीत, वर्षभर माझे केस पांढरे. तो राग नाही, तो मी कधीच सोडला. राग हा, की तुम्ही नेहमीसारखे पुढं गेलात आणि अजून कार्ड नाही. मला कधीकधी वाटायचं, खोली मिळत नसेल. आता वाटतं, तुम्ही मुद्दामच थांबला असाल. सईची मूठ सुटेपर्यंत. काल ती हातपाय पसरून झोपली, बाही सोडून.

तर तिकडं सावकाश बघा. नळ असला-नसला चालेल, मालकीण मात्र बघून घ्या. कार्ड टाकायची घाई करू नका, मी अजून इथला एक डबा पण लावलेला नाही. तुम्हाला शब्द देते, येताना ते पातेलं मीच घेऊन येईन, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायची नाही. तुम्ही फडकं भिजवून ठेवा.

आता थांबते. पुरणाची डाळ भिजत घालायची आहे. येत्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, उम्म जासिम तिच्या सगळ्या सुनांना घेऊन परत येते म्हणाली आहे.

तुमची,
विलासची आई