विनीतांचा क्रम

१२ मार्च २००७

पुन्हा उलटंपालटं! सकाळी अकरा नावं भरली, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, नीट बघून. जतन केली. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला तर सगळ्यांच्या वर कोण? चार वर्षांची नात! तिच्याखाली आजोबा, मग आत्या, मग कुठेतरी मधले काका. हे असं छापलं तर आर्वीत आमच्या छापखान्याची पायरी कोणी चढणार नाही.

डेटाबेसला क्रम म्हणून काही कळतच नाही. त्याच्या लेखी सगळी नावं एका पिशवीत. हात घालायचा, हाताला लागेल ते काढायचं. पत्रिका ही आई आणि नावं ही तिची लेकरं, एवढं नातं त्याला समजतं. मध्ये हायबरनेट बसवलंय, ते माझ्या प्रोग्राममधली नावं डेटाबेसच्या टेबलात नेऊन ठेवतं आणि परत आणतं. आणताना रांग मोडतं. का मोडतं, ते मला कळत नाही, आणि विचारायला इथे कोणी नाही.

लग्नपत्रिकेत सगळं एकवेळ चालतं. गणपती वाकडा छापला तरी चालतो. पण खाली ‘आपले विनीत’ म्हणून जी वीस-पंचवीस नावं असतात, त्यांत एक जरी वर-खाली झालं की संपलं. माणसं लग्नाला येत नाहीत. आली तर जेवत नाहीत. गावातल्या प्रत्येक घराचा हा क्रम डोमाजीकाकांच्या डोक्यात होता. काका आमचे कंपोझिटर, अक्षरं जुळवणारे, माझ्या जन्माआधीपासूनचे. शिशाचे खिळे गेले, पायाने चालवायचं ट्रेडल मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, तरी विनीत बघायचे ते काकांनीच.

गेल्या महिन्यात काकांना घरी बसवलं. म्हणजे मीच बसवायला लावलं. दहा वर्षांत सहा पत्रिकांमध्ये त्यांनी क्रम चुकवला होता. सहा! मी बाबांना म्हटलं, माणूस थकला की चुकतो, प्रोग्राम थकत नाही. एकदा घराची नावं भरली की पुढच्या प्रत्येक लग्नाला तीच रांग. बाबांनी एकदा काकांकडे बघितलं. मग म्हणाले, ‘‘कर तुह्या मनानं.’’

आणि प्रोग्राम हा असा! हे जमलं नाही तर एका म्हाताऱ्या माणसाला मी उगाच हाकललं, असाच त्याचा अर्थ.

१५ मार्च

आजही नाही. दुपारभर लोडशेडिंग. लाईट आली तेव्हा माझं डोकं गेलेलं.

१९ मार्च

सापडलं!! सात दिवस घेतले, पण सापडलं!

प्रत्येक नावाशेजारी क्रमांकाचा रकाना मी ठेवलाच होता. तो रिकामा राहत होता. नातं सांभाळायचं काम मी लेकरांवर सोपवलं होतं — म्हणजे हायबरनेटला सूचना देणाऱ्या मॅपिंगच्या फाईलमध्ये तसा एक शब्द लिहिला होता, कुठल्यातरी उदाहरणातून उचललेला, न समजता. लेकरू आपली आई कोण ते सांगतं. भावंडांत आपण कितवे, ते लिहून ठेवत नाही. ते आईनेच लिहायचं. शब्द काढला, काम आईकडे दिलं, आणि रकान्यात शून्य, एक, दोन, तीन… शहाण्यासारखे आकडे उभे! मला रडूच आलं.

आईला सांगायला धावत स्वयंपाकघरात गेले. ती म्हणाली, ‘‘अवं, मले दोनच लेकरं. मी कायले लिहून ठेवू?’’

२ एप्रिल

आनंद चौदा दिवस टिकला.

तळेगावच्या एका घराची पत्रिका. त्यांचे मधले काका दिवाळीत वारले म्हणून नाव काढायचं होतं. घाईत मी प्रोग्रामला न विचारता थेट टेबलातून ओळ उडवली. मागची नावं पुढे सरकलीच नाहीत. वाचून तपासायला जी प्रत काढली तिच्यात तिसऱ्या जागेवर कोरी ओळ. त्या घरची बाई समोर बसली होती. कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘ताई, राहू द्या ना तशीच.’’

तशी कशी ठेवणार! यादीतून रीतसर काढलं की आकडे आपोआप सरकतात, ते करून दिलं. ती प्रत घेऊन उठली. मला दिवसभर जेवण गेलं नाही. डोमाजीकाकांनी हे काम कसं केलं असतं? त्यांनी आधी वारलेल्या माणसाबद्दल विचारलं असतं. मला तेही सुचलं नाही.

१० एप्रिल

आचलची पत्रिका भरली. कुंदनलालशेठची मुलगी, सहा मेचं लग्न. बाजारात या भावांचं कापडाचं मोठं दुकान आहे, थोरले मोतीलालशेठ आणि धाकटे कुंदनलालशेठ. वडील लवकर गेले, मोतीलालशेठनी घर सांभाळलं. म्हणून विनीतांत पहिले मोतीलाल, दुसरे कुंदनलाल. पडद्यावर दोनदा वाचलं, जतन केलं, बंद करून पुन्हा उघडून वाचलं. बरोबर.

उद्या आईला डोळे दाखवायला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचंय. छपाई बाबा उरकतील, एवढं त्यांना आता येतं.

१७ एप्रिल

लिहवत नाही. लिहिते.

अकराच्या सुमारास मोतीलालशेठ आले. हातात पत्रिका. मागे कुंदनलालशेठ, मान खाली. मोतीलालशेठ दारातूनच ओरडले, ‘‘पुंडलिकराव, मी मेलो काय? आँ? ह्याले मी बोट धरून शाळेत नेलं, अन् माह्यं नाव ह्याच्या खाली?’’

पत्रिकेत पहिलं नाव कुंदनलाल. दुसरं मोतीलाल. पत्रिका अर्ध्या गावात वाटून झालेल्या!

कुंदनलालशेठ पुटपुटत होते, ‘‘दादा, मले काय मालूम? छापखान्यानं केलं.’’ बाबा खुर्चीतून उठले. हात जोडले. म्हणाले, ‘‘चूक आमची हाये, शेठजी. पोरीच्या मशीननं केली.’’

मी तिथेच, तीन हातांवर. पोरीच्या मशीननं!

मोतीलालशेठ एकदम खुर्चीत बसले. पाणी प्यायले. ‘‘पयले डोमाजी चुकत होता, आता मशीन चुकून राह्यली. काय छापखाना हाये तुमचा!’’ पण आवाज उतरला होता. दुसऱ्या पत्रिका छापून द्या, मग लग्नाला उभा राहतो, म्हणाले. जाताना भावाच्या खांद्यावर हात टाकून गेले. मोठेच आहेत ते मनाने. माझ्याकडे मात्र कोणी बघितलंसुद्धा नाही. कुंदनलालशेठ तर माझी नजर चुकवूनच निघाले. रागावले असणार, पोरीच्या लग्नात विघ्न आणलं मी.

१८ एप्रिल

रात्रभर वाटत होतं, छापताना काही झालं असेल. तसं नाही. टेबल उघडून बघितलं. कुंदनलाल शून्य, मोतीलाल एक. आकडेच बदललेले! म्हणजे माझ्याच प्रोग्रामने बदलले. बाकी सगळी नावं जिथल्या तिथे, फक्त ही दोन.

बाबा जेवताना म्हणाले, ‘‘जाऊ दे ना आता, काऊन एवढं लावून घेतं मनाले?’’ तुमचं छप्पन्न सालापासूनचं नाव घालवलं, म्हणून!

२१ एप्रिल

क्रम सरळ करून प्रोग्राम दोनशे अकरा वेळा चालवून बघितला. नाव वाढवून, काढून, सरकवून, मध्येच लाईट घालवून. दोनशे अकरा वेळा मोतीलाल वर.

चुकला असता तर बरं झालं असतं! जी चूक दिसते ती दुरुस्त करता येते. ही एकदाच आली, नेमक्या त्या दोन नावांवर बसली आणि निघून गेली. सायबर कॅफेत जाऊन परदेशातल्या चर्चामंचावर विचारलं होतं, आज उत्तर आलंय — तुझी मांडणी बरोबर आहे, असं होऊच शकत नाही. झालंय हो बाबा! सहाशे प्रतींत झालंय!

२३ एप्रिल

बाजारात शेजारची नलू भेटली. चार बायकांत मोठ्याने म्हणाली, ‘‘काय वं ज्योत्स्ना, तुह्या मशीननं मोतीलालले धाकटा केला म्हणे?’’ सगळ्या हसल्या. मीही हसले. भाजी न घेता घरी आले.

दोन घरं पत्रिका छापायला पुलगावला गेली.

२५ एप्रिल

पुण्यात नोकरीत दोन वर्षं काढली, टिकले नाही. तिथले लोक हुशार, मी मागे पडले, असं स्वतःला सांगितलं. इथे तर स्पर्धेला कोणी नव्हतं! एक छापखाना, एक यादी, वीस नावं. तीही मला रांगेत उभी करता आली नाहीत. एकतीस वर्षांची बाई मी, एमसीए, आणि मला येतं काय? काहीही नाही. कशाचाच भरवसा वाटत नाही. पडद्यावर नावं बरोबर दिसतात तरी मी कागदावर पेन्सिलीने टिकमार्क करत बसते. काल गॅस बंद केला की नाही ते बघायला तीनदा उठले.

डोमाजीकाका दहा वर्षांत सहादा चुकले. मी महिन्याभरात. सरळ हिशेब आहे.

२७ एप्रिल

काकांकडे गेले. बसवत नव्हतं घरी.

काकांच्या बायकोने, देवकाकाकूंनी, दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत. मग स्वतःच लाजल्या आणि सतरंजी टाकली. काका परसात वांग्यांना पाणी घालत होते. किती वाळले! मी एका दमात सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, काका, परत या. माझ्यानं होत नाही. मी तुमच्या चुका काढल्या, आता माझी तुमच्यापेक्षा मोठी निघाली.

त्यांनी बादली खाली ठेवली. एवढंच विचारलं, ‘‘पुंडलिकराव काय म्हनले मोतीलालले?’’

मशीननं केली म्हणाले, मी सांगितलं.

‘‘मशीनचं नाव घेतलं? तुह्यं नाई ना घेतलं?’’

पोरीची मशीन, म्हणाले.

काकांनी पुन्हा बादली उचलली. मग म्हणाले, ‘‘बरं केलं. मशीनले कोनी रस्त्यात अडवून विचारत नाई.’’ आणि परत यायचं काही बोलेनात. मी पुन्हा विचारलं तर मान हलवली. ‘‘नाई पोरी. झालं आता. तू कर, तुले जमते.’’ काकू चहा आणत होत्या, मी थांबले नाही. त्यांच्या चांगुलपणाचा राग आला. शिव्या घातल्या असत्या तर हलकं तरी वाटलं असतं.

२९ एप्रिल

ठरलं. उद्या प्रोग्राम काढून टाकते. घरांची नावं कागदावर उतरवून बाबांना देते. मोतीलालशेठच्या नव्या पत्रिका मी स्वतः एकेक वाचून पोचवल्या, सहाशेच्या सहाशे, एवढंच या महिन्यातलं माझं काम धड झालं.

३० एप्रिल

बाबांना सांगितलं, आज उडवते सगळं. तेव्हा बोलले. माझ्याकडे न बघता. ‘‘मशीन नाई चुकली. तुमी सेवाग्रामले गेल्या त्या दिवशी कुंदन आलता. रडला माह्याजवळ. पोरीचा बाप मी, एकडाव तरी माह्यं नाव वर राहू द्या म्हने. दादा भडकला तर छापखान्यावर ढकलू. मीच केलं कॉम्प्युटरात खाली-वर. आपल्या धंद्यात असंच राह्यते, बेटा. घर तुटू नाई म्हनून चूक आपन घ्याची.’’

आणि काकांच्या त्या सहा?

‘‘त्याची एकबी नवती.’’

मग तेव्हा का नाही बोललात, म्हणून मी ओरडले. म्हणाले, ‘‘सहा घरं हायेत गावात, बोललो असतो त सहाबी तुटली असती. डोमाजीनंच डोळ्यानं खुनावलं, बोलू नका म्हनून.’’

खरंच, काका समोरच उभे होते. मी सहाच्या सहा पत्रिका टेबलावर मांडून एकेक चूक बोटाने दाखवत होते, आणि ते शाईचे हात पुसत ऐकत होते.