सरळ दातांचा फोटो

४ फेब्रुवारी, इंदूर
आज मलाच खुर्चीत बसवलं! रोज मी ती पुसतो. दातांच्या या कॉलेजात आता मशीनवर शिकवतात— पेनासारखी कांडी तोंडात फिरवली की पडद्यावर आख्खा जबडा उभा. नूतन मॅडमना पुढं आलेले दात दाखवायचे व्हते. म्हणल्या, "संपत भैया, आपके तो बढ़िया हैं!" पोरं हसली. मी पण.
मग मॅडमनी पडद्यावर एकेक दात मागं सरकवला, अन् ते सरळ दात माझ्या फोटोत बसवले. हिरोच राव! गंमत म्हणून बहिणीला, अक्षदाला पाठवला.

११ फेब्रुवारी
मेलो! अक्षदानं तोच फोटो स्थळाला दिला. जुन्नरची पोरगी, साधना. आईचा फोन— "पसंत केलंय त्यांनी. रविवारी बघायला जायचं, रजा टाक."
"आये, ते दात माझे न्हाईत!"
"मग कुणाचे?"


१२ फेब्रुवारी
मॅडमना म्हणलं, खरंच करून द्या. "अरे, वो तो सिर्फ सिखाने के लिए था." तारा लावल्या तरी दोन वर्षं जातील म्हणं. मागं पोरं माझा जबडा पडद्यावर गरागरा फिरवत व्हती. बोटानं ढकलला की दात सरकतो तिथं.
खोलीवर आरशापुढं अंगठ्यानं दाबून पाह्यलं. हिरडी दुखली फक्त.

१४ फेब्रुवारी
रजा मिळाली. नसती मिळाली तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी
आमच्या घोडेगावहून जीपनं जुन्नर. वाटंत आईचं एकच— "तोंड मिटून बस. लग्न झाल्यावर व्हईल तिला सवय."
तोंडावर रुमाल धरून बसलो. सर्दी झालीय, आईच बोलली. साधनानं पोहे आणले. म्हणली, "खाऊन बघा, मीठ इसरले नसंन तर बरंय!" सगळी हसली. मला इतकं हसू आलं— गालच चावला आतून. पोह्यांना हात लावला न्हाई. इंदूरला करमतं का, तिनं इचारलं. मी मान हलवली.
लई चांगली हाय. मग तिनं वर पाह्यलंच न्हाई.

१८ फेब्रुवारी
इंदूर. खुर्ची पुसली. फोन वाजंना.

२० फेब्रुवारी
अक्षदाचा फोन. नकार. साधनाच्या बापानं दुसरीकडं शब्द दिला, सुपारी पण फुटली.
साधनानं मला आधीच पाह्यलं व्हतं! अक्षदाच्या लग्नात, मी पंगतीत वाढत व्हतो तवा. दात, हसणं, सगळं. म्हणून तर हो म्हणली व्हती.
अक्षदाला म्हणली, "तवा कसे खदाखदा हसत व्हते. माझ्यापुढं तोंडच उघडंना— मी पसंत नसंन पडले."