वायपरच्या मोटारीला शेंदूर

जांभूळ,
२६ जून १९८९

आदरणीय शरदचंद्रराव यांस,

हरिचंद्राचा नमस्कार. (मला मित्र म्हणत जा, असे तुम्ही दर वेळी बजावता, पण तुम्ही कारखान्यात साहेब आणि मी स्टोअरमध्ये, एवढी वर्षे काढलेला हात ‘आदरणीय’च लिहितो.) पद्मजावहिनींचा गुडघा आता बरा असेल. आम्ही सर्व ठीक.

गेल्या गुरुवारी, संकष्टीच्या सकाळी, मी देवपूजा उरकली आणि अंगणात जाऊन तुमच्या फियाटीचे बॉनेट उघडून तिथेही हात जोडले. कारण तुमचे पत्र. नाशिकला जाताना तुम्ही गाडी आमच्याकडे ठेवलीत त्याला सहा वर्षे झाली. आता डोंबिवलीचे कुणी जुन्या गाड्यांचे शौकीन रविवारी येणार, सगळे चालू असेल तर विकत घेणार, तेव्हा वायपरसुद्धा तपासून ठेवा, असे तुम्ही लिहिलेत. मी बटण दाबले. वायपर जागचा हलला नाही. (दसऱ्यानंतर पावसात गाडी काढलीच नव्हती, म्हणून कळले नव्हते.)

उल्हासनगरहून खेमचंद या सिंधी मिस्त्रींना आणले. माणूस दर्शन घ्यावे असा आहे. मी वाट बघत होतो की आता ठोकाठोकी सुरू होईल. छे. त्यांनी चहा घेतला, फ्यूज पाहिला, तो शाबूत. मग वायरी जोडलेला एक छोटा दिवा मोटारीच्या टोकाला लावला. तो पेटला, म्हणजे वीज तिथवर येते. दांड्या सोडवून हाताने फिरवल्या. फिरल्या, म्हणजे अडकलेले काही नाही. त्या पुन्हा जोडल्या. एकेका शंकेला पाणी विचारून निरोप द्यावा तसे चालले होते. आमच्या शाळेतले गुरुजी गणित असेच सोडवीत, आणि मला तेव्हाही असेच वाटे की उत्तर आले नाही तरी चालेल, रीत बघत बसावी. शेवटी मिस्त्रींनी वायरचे एक टोक मोटारीच्या अंगाला आणि दुसरे बॅटरीला टेकवले, आणि आठ महिन्यांची झोप झाडून वायपर हलू लागला.

“काका, करंट आत जातो बरोबर. वापस जायला रस्ता नाय,” ते म्हणाले. “आणि ये लाल काय लावलंय?”

आता सांगायलाच हवे. आमची लेक चिमी बाळंतपणात अडली तेव्हा याच गाडीतून तिला उल्हासनगरच्या दवाखान्यात नेली, आणि मायलेकरू सुखरूप याच गाडीतून घरी आले. दसऱ्याला गाडी धुताना ती मोटार पाहिली : गोल पोट, एका बाजूने वळलेली सोंड. राहवले नाही. तेलात शेंदूर कालवून लावला. बोल्ट सोडून मागूनही लावला, कारण देवाला पाठ असतेच. नेमका तिथेच तिचा गाडीच्या पत्र्याशी संबंध, आणि विजेची परतीची वाट तीच.

आमची सौ. वेणू ओटीवरून म्हणाली, “गारीचा देव केलाव ना, आता देवालाच सांगा, काच पूस.”

मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. “देव तुमचा, साईं. तुम्हीच काढा.” मी क्षमा मागून फक्त पाठीचा शेंदूर घासला, पुढचा राहू दिला, त्यालाही त्यांची हरकत नव्हती. वायपर आता असा चालतो की कोरड्या काचेवरसुद्धा बघत बसावे. इतकी वर्षे देवाकडे मागणे पाठवीत आलो, परतीच्या वाटेवर आपणच काय थापून ठेवले आहे ते कधी पाहिले नाही, हेही त्या दिवशी मनात आले.

वहिनींना नमस्कार.

आपला,
हरिचंद्र

ता. क. डोंबिवलीचे गृहस्थ काल येऊन गेले. गाडी फार आवडली, पण वायपर चालतो का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. त्यांनी स्वतः बटण दाबून पाहिले आणि चहा घेऊन परत गेले. तेव्हा गिऱ्हाईक नाहीच, तर गाडी आमच्याच अंगणात राहू द्यावी आणि आमच्या नावावर करावी, ही विनंती. मोबदला तुम्ही म्हणाल तो.

आणखी ता. क. मला खोटे बोलता येत नाही, हे तुम्ही जाणता. म्हणून ते फाटकाशी दिसताच मी फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि मगच वायपर चालत नाही असे सांगितले.